मोल्टवर बसलाय, हात नका लावू

येरमाळ्यात आमच्या घरामागं एक पेरूचं झाड आहे. गेल्या श्रावणात त्याची वाळकी काडी मोडायला हात घातला, तर काडी दोन पावलं पुढं सरकली. थांबली. मग वाऱ्यानं पान हलावं तशी जागच्या जागी डुलायला लागली. नीट पाहिलं तर तशाच आणखी दोन, लहान, गव्हाच्या काडीहून बारीक. काडीकिडे. बालाघाटाच्या या माळांवर मी लहानपणापासून हिंडले, पण इतक्या वर्षांत एकदाही माझी नजर त्यांच्यावर ठरली नव्हती.

तिघांनाही घरात आणलं. लोखंडी तिवईला मच्छरदाणीचं कापड शिवलं आणि आत पाण्याच्या बाटलीत पेरूची डहाळी ठेवली. बाटलीच्या तोंडात कापूस कोंबावा लागतो, नाहीतर किडा आत उतरून बुडतो. संध्याकाळी पानांवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. पानावरचे थेंबच तो पितो. दिवसभर हालचाल नाही. रात्री दिवा मालवला की कडेकडेनं पान कुरतडायला सुरुवात.

आठवड्याभरात मोठ्यानं खाणं सोडलं आणि तो छताला उलटा लटकला. मला वाटलं, आजारी पडला. खाली घ्यायला हात पुढं केला तेवढ्यात धाकटी जाऊ ओरडली, "अक्का, मोल्टवर बसलाय त्यो! हात नका लावू."

तिची एकरभर तुती आहे, वर्षाला चार-पाच बॅच निघतात. रेशमाची अळी कोष विणण्याआधी चार वेळा कात टाकते. त्या वेळी ती डोकं वर करून निश्चल बसते, यालाच मोल्टवर बसणं म्हणतात. मग पाला बंद. बिछाना कोरडा राहावा म्हणून वर चुन्याची पावडर धुरळायची आणि शेडमध्ये कुणी धसमुसळेपणा करायचा नाही. बहुतेक अळ्या कात टाकून उठल्या की मगच पुन्हा पाला. शिकवायला कुणी आलं नसतं तरी हे तिला कळलं असतं, असं मला तिच्याकडं बघून वाटतं.

काडीकिड्याचं लटकणंही तेच होतं. पाठीवर कात उलते आणि आतलं मऊ अंग स्वतःच्या वजनानं खाली ओघळत बाहेर येतं. खाली मोकळी जागा हवी, किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट. नाहीतर ओले पाय तळाला टेकून कायमचे वाकडे होतात. म्हणून बरणी किंवा बुटका डबा त्याच्या कामाचा नाही. लहानपणी तुटलेला पाय पुढच्या कातींबरोबर पुन्हा फुटतो, आधी इवलासा, मग मोठा. सकाळी पाहिलं तर टाकलेली कात तो स्वतःच खात होता.

दोन लहान मात्र माझ्या हातून गेले. घरचा पेरू छाटला होता म्हणून एका बागेतला पाला आणला. पानं हिरवीगार, एकही छिद्र नाही. त्या छिद्र नसण्याचाच मला संशय यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी दोघं तळाशी पाय आखडून पडलेले. जाऊ काही बोलली नाही. आदल्या वर्षी शेजारच्या रानातली फवारणी वाऱ्यानं तुतीवर आली आणि तिची अख्खी बॅच गेली होती.

उरली ती मोठी, मादी. महिनाभरानं तळाची विष्ठा झाडताना तिच्यात गोल, कडक दाणे दिसले. बी समजून फेकणार होते. ती अंडी होती! काही जातींच्या अंड्याला टोकाशी खाण्याजोगी गाठ असते. मुंग्या अंडं वारुळात नेतात, गाठ खातात आणि अंडं तिथंच सुरक्षित राहतं. अनेक जातींत नराशिवायही अंडी फळतात. तमिळनाडूतला एक काडीकिडा तर या बाबतीत जगभर प्रसिद्ध आहे. १९०१ मध्ये द सिनेती या फ्रेंच अभ्यासकानं त्याचं वर्णन केलं. तेव्हापासून युरोपातल्या शाळांत आणि घरांत तो पिढ्यान्पिढ्या पाळला जातो, बहुतेक साऱ्या माद्याच. त्याच्या चालण्यावरून सहा पायांचे रोबोटही तयार झाले. आपल्या मातीतला हा किडा तिथल्या पोरांनी शंभर वर्षं हाताळावा आणि आमच्या शाळेतल्या पोरांनी पाहूही नये, याचं मला खरंच वाईट वाटतं. मात्र बाहेरून मागवलेली जात इथं पाळू नये. ती सुटली तर इथल्या झाडांवर काय करील, सांगता येत नाही.

मादी दिवाळीनंतर गेली. अंडी मी काडेपेटीत ओलसर वाळूवर ठेवली. चैत्री पौर्णिमेनंतर गावच्या येडाई देवीच्या यात्रेत रिवाजाप्रमाणे चुनखडी वेचताना प्रत्येक खड्यापाशी हात थबकत होता. नजरेला आता दाण्यातही जीव दिसतो. घरी येऊन पेटी उघडली तर काहीच हललं नव्हतं. वाळूवर पाण्याचे दोन थेंब सोडले आणि पेटी मिटली.

मृगाचा पहिला पाऊस झाला त्या रात्री पेटीच्या कडेवर दोऱ्याएवढा एक जीव उभा होता, मागच्या पायाला अंड्याचं टरफल तसंच अडकलेलं. मी चिमटा घ्यायला उठले. दारातून जाऊ म्हणाली, "र्‍हाऊ द्या अक्का, त्येचं त्यो काढील."

पहाटेपर्यंत त्यानं काढलं. मग पेटी तशीच नेऊन पेरूच्या कोवळ्या शेंड्याला टेकवली.