यातनांचा तमाशा

माय जिया यांच्या २००७ सालच्या कादंबरीवर आधारलेला ‘फेंगशेंग’ हा २००९ सालचा चिनी चित्रपट देशभक्तीचा पाठ म्हणून वाखाणला जातो. आम्हांस हे पूर्णपणे मान्य नाही.

काळ १९४२ चा. चीनचा मोठा भूभाग जपानच्या टाचेखाली आणि नानकिंगला वांग चिंग-वेई यांचे बाहुले सरकार. आपल्यातील हेर हुडकण्यासाठी जपानी अधिकारी पाच जणांना एका वाड्यात कोंडतो आणि छळ आरंभतो. अखेर गू श्याओमेंग ही तरुणी प्राण देते. वस्त्रावरील टाक्यांत, मोर्सच्या संकेतांनी, शेवटचा निरोप ठेवून जाते. हा त्याग थोर आहे, याविषयी आमचा वाद नाही.

पण पाचांपैकी तिघे हेर नव्हतेच! त्यांच्या भोगांचा हिशेब कोणी मांडावा? कॅमेरा तर सुया, दोर आणि एका स्त्रीची विटंबना यांतच रेंगाळतो. प्रेक्षक नकळत छळणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो.

‘युद्धात असे घडतेच, मग दाखवू नये काय?’ असे कोणी विचारील. जरूर दाखवावे. क्रूसावरही छळलेला देहच आहे. परंतु तेथे आपली दृष्टी खिळ्यांवर नव्हे, प्रभूच्या मुखावर स्थिरावते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली देहाचा व मनाचा छळ निषिद्ध ठरविला, तो शत्रू-मित्र असा भेद न करता.

आईबापांनो, जाणत्या मुलांसह हा चित्रपट पाहिलात, तर शेवटी एवढेच विचारा: त्या तिघांची नावे तुमच्या ध्यानात राहिली काय?