मोजू द्या की!

परवा घरगुती गप्पांमध्ये किरणोत्सर्गाचा विषय निघाला आणि एक काका ठामपणे म्हणाले, "सामान्य माणसाच्या हातात असलं यंत्र देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत." तिथे ताटं वाढून झाली होती म्हणून गप्प बसलो. पण काका हा ब्लॉग वाचतात (कॉमेंट टाकत नाहीत, पण वाचतात), म्हणून उत्तर इथेच.

फुकुशिमा घ्या. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामी झाली, दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटरच्या वर्तुळातली माणसं हलवायचा हुकूम निघाला. वर्तुळ! वारा काय कंपास घेऊन वाहतो? १५ मार्चला वारा वायव्येकडे वळला, वर पाऊस आणि बर्फ पडलं, आणि सीझियम त्या पट्ट्यात जमिनीवर उतरलं. हे कुठे जाऊ शकतं याचा अंदाज बांधणारी 'स्पीडी' नावाची संगणक प्रणाली जपान सरकारकडे होती. तिचे नकाशे १४ मार्चला अमेरिकी सैन्याला मिळाले. जपानी जनतेला पहिला नकाशा दिसला २३ मार्चला. मधल्या दिवसांत नामिए गावचे हजारो लोक त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले होते, म्हणजे नेमके त्याच पट्ट्यात. इइताते हे गाव तीस किलोमीटरच्या बाहेर, म्हणून तिथल्यांना कुणी हलवलं नाही. गाव रिकामं करायचा निर्णय जाहीर झाला २२ एप्रिलला.

अधिकाऱ्यांचं म्हणणं काय, तर भट्टीतून नक्की किती बाहेर पडलं ते ठाऊक नव्हतं, म्हणून नकाशा भरवशाचा नव्हता आणि लोक घाबरले असते. अहो, किती ते ठाऊक नव्हतं, पण कुठल्या दिशेला ते तर दिसत होतं ना? पळणाऱ्या माणसाला आधी दिशाच हवी असते.

त्याच महिन्यात काही लोकांनी 'सेफकास्ट' सुरू केलं. गायगर काउंटर, जीपीएस आणि एक छोटा आर्डुइनो बोर्ड डब्यात घातला आणि डबा गाडीच्या खिडकीबाहेर टांगला. दर पाच सेकंदांनी एक नोंद. डबा दिसायला जपानी जेवणाच्या डब्यासारखा, म्हणून त्याचं नाव बेंटो-गायगर, पुढे बीगायगी. यंत्राचा आराखडा खुला, सॉफ्टवेअर खुलं, आकडे कुणीही कसेही वापरावेत. आज त्या नकाशावर दहा कोटींहून जास्त नोंदी आहेत.

काका, यातला 'खुलं' हा शब्द सजावटीचा नाही. यंत्र मोजतं ते फक्त ठोके. त्या नळीसाठी मिनिटाला ३३४ ठोके म्हणजे तासाला एक मायक्रोसिव्हर्ट, आणि तेही सीझियम-१३७ धरून. दुसरं मूलद्रव्य असेल तर हा हिशोब चुकतो. ही मर्यादा मला कळली कारण हिशोब उघड्यावर आहे. बंद डब्यातून नुसता आकडा आला असता तर मी मान डोलावून पुढे गेलो असतो.

सरकारचा सफाईचा निकषही तसाच तपासता येतो. ०.२३ मायक्रोसिव्हर्ट, त्यातून ०.०४ नैसर्गिक वजा, दिवसाचे आठ तास बाहेर, सोळा तास लाकडी घरात, घरात चाळीस टक्के. वर्षाचा हिशोब येतो एक मिलिसिव्हर्ट. पण शेतकरी बारा तास बाहेर असतो! त्याचा आकडा १.१७ च्या आसपास जातो. फरक मोठा नाही, पण तो मला घरबसल्या काढता आला. सूत्र लपवलं असतं तर मी नुसता संशय घेत बसलो असतो.

आता घबराटीबद्दल. २०११ मध्येच बीबीसीच्या नावाने एक खोटा एसएमएस आशियात फिरला: किरणोत्सर्गी पाऊस येतोय, घराबाहेर पडू नका. त्सुनामीच्या लाटांच्या उंचीचा रंगीत नकाशा 'प्रशांत महासागरात पसरलेलं विष' म्हणून वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत राहिला. या दोन्हींत कुणाच्या हातात मीटर होता? उलट ऑक्टोबर २०११ मध्ये टोकियोच्या सेतागाया भागात रहिवाशांना एका रस्त्यावर आकडा फार जास्त दिसला. सगळ्यांना वाटलं, फुकुशिमा! शोधल्यावर एका घराच्या जमिनीखाली रेडियमच्या जुन्या बाटल्या सापडल्या. अणुभट्टीचा काडीचाही संबंध नव्हता. आणि हे निघालं लोकांनी मोजलं म्हणूनच.

चुकीचं मोजणारे महाभाग असतात, मान्य. यंत्र चिखलात टेकवून 'बघा बघा' करणारेही असतात. त्यावर इलाज एकच, दुसऱ्याने त्याच जागी पुन्हा मोजायचं. सेफकास्टमध्येही नोंदींची फाइल स्वयंसेवकांनी तपासल्याशिवाय नकाशावर जात नाही.

आणि सरकार मोजतंय ना, मग आपण कशाला? २०१८ मध्ये जपानच्या अणुनियामकाने फुकुशिमातले सुमारे २४०० मोजणी-खांब काढायचं ठरवलं. रहिवासी भांडले, तेव्हा २०१९ मध्ये बेत मागे पडला. त्यांचं यंत्र त्यांच्या मर्जीवर.

आपल्याकडचं सांगायचं तर दख्खनचा काळा बेसाल्ट या बाबतीत सोज्वळ, हैदराबादचा ग्रॅनाइट त्याहून तापट, आणि केरळात करुनागापल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक पातळीच कितीतरी जास्त. म्हणजे 'आधी किती होतं' हे ठाऊक नसेल तर 'नंतर किती वाढलं' हा प्रश्नच विचारता येत नाही. जैतापूरच्या सड्यावर अणुभट्टी अजून उभी नाही. प्रकल्पाच्या बाजूचे असा वा विरोधातले, माडबनपासून राजापूरपर्यंतचा रस्ता आत्ताच मोजून ठेवायला कुणाची हरकत असावी? काका, पुढच्या मे महिन्यात गावी जाताना गाडी तुमची, डबा मी आणतो.