जागा नाही म्हणे!

मॉडेल रेल्वेवाल्यांच्या कुठल्याही गेट-टुगेदरला जा, चहा संपायच्या आत हे वाक्य येणारच: "लेआउट करायचाय रे, पण फ्लॅटमध्ये जागा कुठाय?" मग गप्पा परदेशातून मागवलेल्या इंजिनांच्या किमतीवर आणि कस्टम ड्यूटीवर. इंजिनं परत खोक्यात, मंडळी घरी.

माफ करा, पण ही शुद्ध पळवाट आहे. कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ साली मिनिएचर रेल्वेचं म्युझियम उभारलं. तेवढा हॉल आपल्याकडे नाही, मान्य. पण अख्खा लेआउट एकाच्याच घरात हवा, हे सांगितलं कोणी? अमेरिकेत 'एनट्रॅक'वाल्यांनी हा प्रश्न १९७०च्या दशकातच सोडवला. प्रत्येकाने आपापला तुकडा करायचा. फक्त टोकाला रूळ कुठे येणार आणि वायरी कशा जोडायच्या, एवढं सगळ्यांनी पाळायचं. मधे डोंगर करा नाहीतर चाळ! नंतरच्या 'टी-ट्रॅक'मध्ये तर एन स्केलचा (१:१६०) साधा तुकडा जेमतेम फूटभर. टेबलावर मांडा, झालं की कपाटावर.

त्या ९ मिमी रुळावर आपला ब्रॉडगेज दीडेक मिमी अरुंद पडतो, ठाऊक आहे मला. दोन फुटांवरून कोणाला दिसतंय? आठवडाभर ऑफिसात इंटरफेसवरून भांडणारे आपण, रविवारी दोन तुकड्यांचा सांधा ठरवू शकत नाही?

असो. पळसदरी मी घेतलीय, अर्धी झालीय. कर्जतची बँकर इंजिनं कोणाकडे, ठाकूरवाडीचा घाट कोणाकडे, बोला.