तनखा आणि पाळणा

तळा गावाजवळच्या कुडे लेण्यांवरून खाली राजपुरीची खाडी दिसते. तळा गाव तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते आणि १९४८ पर्यंत खाडी उतरून गेले की जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचे संस्थान लागे. राज्य बदलले, संस्थान विलीन झाले. देशभरच्या संस्थानिकांना ठरलेल्या तनख्यांची हमी पुढे राज्यघटनेच्या २९१व्या कलमाने दिली: करमुक्त आणि थेट सरकारी तिजोरीतून. मुलांना कोणी टाकून देऊ नये, हेही त्याच घटनेच्या ३९व्या कलमात आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. राजांना हक्क मिळाला, टाकलेल्या पोरांना सदिच्छा!

सरकारला सुचले नव्हते म्हणावे, तर जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ सालीच काढले होते. पंढरपुरातले १८७५चे. तरी १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यात आईबापांचा पत्ता नसलेले मूल दत्तक द्यायला अधिकृत माणूसच नव्हता. ती फट बुजवायला १९६२ची दुरुस्ती यावी लागली. तोवर नवाबांचे तनखे बिनबोभाट पोचत होते.

आज कायदा बरा आहे. २०१५च्या बालन्याय कायद्यानुसार नाइलाज झालेल्या आईला मूल बाल कल्याण समितीच्या स्वाधीन करता येते, आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. पण समिती सहसा जिल्ह्याला एकच. तळा १९९९मध्ये माणगावातून फुटून वेगळा तालुका झाला, तहसील कचेरी आली. ही सोय मात्र जिल्हा पातळीवरच राहिली. ओली बाळंतीण कोणाला न सांगता इंदापूर फाट्यापर्यंत जाऊन महामार्गाची एसटी पकडेल, असे कोणी गृहीत धरले असेल तर तो माणूस त्या फाट्यावर कधी उभा राहिलेला नाही. मुळात अशी सोय आहे हे तिला सांगते कोण? आशाताई लसीच्या तारखा सांगतात, हे सांगायचे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मग अर्भक झुडपात सापडते, पेपरात ‘निर्दयी माता’ छापून येते आणि तपास बाळाच्या भविष्याऐवजी आईच्या मागावर निघतो. बापाचा शोध घेतल्याची बातमी क्वचितच वाचायला मिळते.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक पाळणा, आणि नाव न फोडता कागद भरून समितीपर्यंत पोचवणारी एक बाई. एवढ्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची एक सही पुरे.