‘फक्त एक कसोटी’ : एका शेऱ्याचा प्रतिवाद

१/ खासबागेतल्या कुस्त्या आम्हा शाहूपुरीकरांना तोंडपाठ. सदाशिव रावजी पाटील यांची बोळवण मात्र ‘फक्त एका कसोटीचे खेळाडू’ एवढ्या शेऱ्यावर! हा शेरा अन्यायकारक तर आहेच, इतिहास म्हणूनही कच्चा आहे.

२/ १९३३ साली कोल्हापुरात जन्मलेले हे मध्यमगती गोलंदाज डिसेंबर १९५५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यूझीलंडविरुद्ध उतरले. दोन्ही डावांत एकेक बळी, फलंदाजीत नाबाद १४. भारत एक डाव आणि २७ धावांनी विजयी. त्यानंतर कसोटीचे दार कायमचे बंद.

३/ कारकीर्द मात्र तिथे संपली नाही. इंग्लंडच्या लँकेशायर लीगमध्ये ते हॅस्लिंग्डनकडून व्यावसायिक म्हणून खेळले. रणजी स्पर्धेत महाराष्ट्राचे कर्णधारही झाले.

४/ ‘गुणवत्ता असती तर पुन्हा निवड झाली असती’ असे म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरच्याच भाऊसाहेब निंबाळकरांकडे पाहावे. १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा, कसोट्या शून्य!

५/ कसोट्यांचा आकडा निवडकर्त्यांचा कौल सांगतो, खेळाडूची योग्यता नव्हे. तो कौल तपासून पाहणे हेच इतिहासाचे काम. आपण तो निमूटपणे उतरवून घेतो. २०२० मध्ये पाटील गेले. त्यांच्या नावामागचा तो ‘फक्त’ आता तरी खोडू या.