हत्तीचं एव्हरेज

भाच्यानं पुण्याहून मोबाइलवर एक यादी पाठवली: भारतात सपशेल आपटलेल्या गाड्या. त्याला सात जणांची मोठी गाडी घ्यायची आहे. घरात माणसं तीन, त्यातलं एक चार वर्षांचं. आणि सल्ला विचारतो कुणाला, तर गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात स्कूटरवर फिरणाऱ्या मामाला. यादीखाली त्याची ओळ होती, "मामा, मोठी हवी, पण डिझेल कमी पिणारी. यातल्यांसारखी फसायला नको."

यादीत पहिलं नाव नॅनोचं. असणारच. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी ती दाखवली, एक लाखाची गाडी म्हणून जगभर गाजली आणि जून 2018 च्या अख्ख्या महिन्यात कारखान्यात एक नग बनला. एकच. मग 1991 ची टाटा सिएरा, नाशिकला बनलेली महिंद्र-रेनॉची लोगान, कल्याणची प्यूजो 309, 2011 ची फोर्स वन, 2012 ची महिंद्र क्वान्टो. झाली माहिती. आता माझं ऐका.

माझं डोकं फिरलं ते यासाठी की यातली एकही गाडी जास्त तेल पिते म्हणून आपटलेली नाही. नॅनो तर चिमणीएवढं पेट्रोल प्यायची. लोगानचं डिझेल इंजिन टॅक्सीवाले अजून नावाजतात. तिचं चुकलं काय, तर लांबी चार मीटरच्या वर गेली म्हणून कर जास्त बसला, आणि रूप असं की नवरदेवाला त्यातून उतरायला लाज वाटावी. 2010 मध्ये रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली, पुढच्या वर्षी गाडीचं बारसं व्हेरिटो म्हणून पुन्हा झालं, आणि ती मुकाट टॅक्सीत गेली. प्यूजोच्या आपटण्याचं तर गाडीशी काही देणंघेणंच नव्हतं. कामगारांचा संप, भागीदारांची भांडणं, यात चांगली गाडी मेली. सिएराला दोन्ही बाजूंना एकेकच दार, आणि मागच्या माणसाच्या काचा पक्क्या बसवलेल्या. मे महिन्यात चंद्रपुरात त्या मागच्या सीटवर बसलेला माणूस मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो. तरी नोव्हेंबर 2025 मध्ये तेच नाव घेऊन नवी सिएरा आलीच. या वेळी मागच्यांना दारं आहेत.

क्वान्टोवर मात्र थांबायला हवं, कारण तिच्यात आपल्या सगळ्यांचा हिशेब दिसतो. 2006 च्या अर्थसंकल्पात सरकारनं ठरवलं की गाडी चार मीटरच्या आत असेल, पेट्रोल इंजिन 1200 सीसी किंवा डिझेल 1500 सीसीच्या आत असेल, तर ती छोटी. तिला अबकारी कर कमी. हेतू चांगला होता: लोकांनी छोट्या गाड्या घ्याव्यात, तेल वाचावं. कंपन्यांनी काय केलं? मोठीच गाडी घेतली आणि मागून कापली. महिंद्रच्याच झायलोचं शेपूट छाटून क्वान्टो झाली, चार मीटरला जेमतेम एक बोट कमी. सीट तरी सातच. मागचे दोघे एकमेकांकडे तोंड करून, गुडघ्याला गुडघा लावून. एका हंगामात तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराच्या गाडीत मी त्या मागच्या सीटवर बसलेलो आहे आणि समोर त्याचा मुनीम होता. आमच्या दोघांत आजही एक प्रकारचा संकोच आहे. वाचला तो कर, तेल नव्हे. आणि जीएसटीतही तीच मापं राहिली: 22 सप्टेंबर 2025 पासून त्या मापात बसली तर 18 टक्के, नाही बसली तर 40. सरकारी टेपानं मोजलं की बचत म्हणजे लांबी.

फोर्स वनची गोष्ट याहून करुण. अकुर्डीची ही कंपनी म्हणजे जुनी बजाज टेम्पो. मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं इंजिन ट्रॅक्स या गाडीत घालून त्यांनी महाराष्ट्रातली खेडी पालथी घातली. मग त्यांना वाटलं, शहरातल्या साहेब लोकांसाठीही करावं काही. अमिताभ बच्चनना जाहिरातीत घेतलं. पाचेक वर्षांत गाडी गुंडाळली. आणि ट्रॅक्स? ती आज सकाळी माझ्या दारासमोरून गेली. तिच्या जाहिरातीत कोण होतं मला आठवत नाही. लागलंच नसावं कुणी.

म्हणजे प्रश्न असा की आपटली, ते ठरवणार कोण? माझ्या साडूनं मध्यंतरी एक भलीमोठी चकचकीत गाडी घेतली. नाव सांगत नाही, कंपनी अजून धंद्यात आहे आणि साडूही अजून बोलतो माझ्याशी. शहरात तिची तारीफच तारीफ. इकडे लगाम गावाच्या पुढे रस्त्यातच तिच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला आणि गाडी कासवाच्या चालीवर आली. आमच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि बंद केलं. म्हणाला, "इथं तं झाकनच हाय जी. झाकनाच्या खाली झाकन." तिचं एक बोटभर सेन्सर नागपूरहून यायला आठवडा गेला आणि साडू तो आठवडा माझ्याकडे राहिला. इथल्या मिस्त्रीच्या पान्याला जी दाद देत नाही ती गाडी मुलचेऱ्यात नापास. बाकी पुण्या-मुंबईची गुणपत्रिका पुण्या-मुंबईला.

आता तेलाचं. आमच्या काळीपिवळी टॅक्सीवाल्या भाऊंना मी भाच्याचा प्रश्न विचारला. ते माझ्या प्रत्येक लेखाचे पहिले श्रोते आहेत, कारण गाडी भरेपर्यंत त्यांनाही दुसरं काम नसतं. म्हणाले, "गुरुजी, एव्हरेज गाडी देत नाई जी. डायवर देते." मग पुढे, "आन् तुमचा भासा मोजते कसा? गाडीमागं मोजते. मी डोक्यामागं मोजतो."

मी घरी येऊन कागदावर मांडलं. भाच्याची होणारी गाडी लिटरला बारा किलोमीटर देईल असं धरा. ऑफिसला एकटा जाणार, म्हणजे एका लिटरमध्ये एक माणूस बारा किलोमीटर. भाऊंची ट्रॅक्स दहाच देते असं धरू. आत चौदा माणसं. एका लिटरमध्ये एकशे चाळीस. लटकलेले धरले नाहीत, ते कायद्यात बसत नाहीत. तसे आतलेही सगळे बसत नाहीत, पण तो विषय वेगळा, आणि अपघाताच्या दिवशी तो फार वाईट विषय असतो, हे भाऊही जाणतात. अहेरी आगाराची एसटी लिटरला पाचच किलोमीटर धरली, आणि चव्वेचाळीस सीटं भरली, तर हिशेब दोनशे वीसवर जातो. एसटीत तर एका लिटरचा विचारच करत नाहीत. दहा लिटरमध्ये किती किलोमीटर, असा आकडा काढतात आणि त्याला केपीटीएल म्हणतात. एवढ्या मोठ्या गाडीत एका लिटरचा फरक डोळ्यांना दिसतच नाही, दहात दिसतो. तेव्हा भाच्या, तेल वाचवणारी मोठी गाडी तुला हवी असेल तर ती लाल रंगाची असते आणि तिची किंमत तिकिटाएवढी.

हे त्याला कळवलं. उत्तर म्हणून त्यानं हसणारा चेहरा पाठवला.

तेलाचा विषय निघालाच आहे, तर पंपावरचा बोर्डही बघा. तेल वाचवा, असं सांगायला केंद्र सरकारची एक संस्थाच आहे, 1978 पासूनची, पीसीआरए. त्यांचं म्हणणं, 45 ते 55 च्या वेगात चालवा, टायरात हवा नीट ठेवा, कॅरिअरवर विनाकारण सामान नको, थांबलात तर इंजिन बंद करा. सगळं खरं आहे. वेग दुप्पट केला की हवेचा अडसर चौपट होतो, म्हणून ऐंशीनं पळणारी उंच गाडी हवाच ढकलत बसते. पण आष्टी ते आलापल्ली या राष्ट्रीय महामार्गावर, ज्याला 353 सी असा भारदस्त नंबर आहे, सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागं एक लागले की 45 चा वेग ही आमच्यासाठी महत्त्वाकांक्षा असते. कॅरिअरवर मोहाची पोती असोत की बंगाली दादांच्या दुकानाचा माल. पंचवीसच्या वेगात हवेला ते कळतही नाही. आमचं तेल जातं ते ब्रेकवर. खड्डा आला, ब्रेक. खड्डा संपला, दुसरा गिअर, रेस. जो वेग तेल जाळून कमावला तो ब्रेकच्या पट्ट्यांवर घासून टाकायचा आणि पुन्हा कमवायचा. रस्ता नीट केला तर गडचिरोली जिल्ह्यात किती डिझेल वाचेल, हे कुठल्या बोर्डावर लिहीत नाहीत.

भाऊंचा स्वतःचा एक उपाय आहे: उतार आला की न्यूट्रल. यावर आमचं भांडण जुनं आहे. मी सांगतो, गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पंप डिझेल द्यायचं थांबवतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला जिवंत राहायला थोडं तेल लागतंच. शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर. भाऊ शांतपणे ऐकतात आणि दिना नदीच्या पुलाच्या उतारावर न्यूट्रल करतात. आवाज कमी झाला की तेल कमी लागतं, ही त्यांची श्रद्धा. तिला विज्ञानानं धक्का लागत नाही.

भाऊंना प्रत्येक गोष्टीचं एव्हरेज हवं असतं. विमानाचं विचारून झालं. निवडणुकीत हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा त्याचंही, थेट उमेदवाराच्या माणसाला. मध्ये आम्ही कमलापूरला हत्ती बघायला गेलो, तर माहुताला पहिला प्रश्न हाच. माहुतानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की मलाच शरमल्यासारखं झालं. पण परतताना वाटलं, प्रश्न बरोबर आहे. आमच्या जंगलातली पहिली मोठी गाडी हत्तीच. सागाचे ओंडके जिथून बैल ओढू शकत नव्हते तिथून हत्तीनं ओढले. आज आपण सागाचं दार म्हणून कौतुकानं ज्यावर टकटक करतो, त्यातलं कुठलं लाकूड कुणाच्या सोंडेनं आणलं, कोण सांगणार.

आता हत्तीचा हिशेब बघा. दिवसाला दीडशे किलोच्या वर चारा. त्यातला निम्म्याहून कमी पचतो, बाकी तसाच मागून बाहेर. केवढी नासाडी, म्हणाल. पण चांगलं डिझेल इंजिन घ्या: शंभर रुपयांच्या डिझेलातले जेमतेम चाळीसएक रुपये कामाला लागतात, उरलेले उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जातात. म्हणजे पचनाच्या बाबतीत ट्रक आणि हत्ती साधारण एका वर्गात. फरक मागून काय निघतं याचा. हत्तीच्या मागून जे पडतं त्यात पुढच्या पावसात झाड उगवतं. ट्रकच्या मागून जे निघतं ते आमच्या लगामच्या लोकांच्या छातीत जातं. शिवाय हत्तीचं नवं मॉडेल काढायची गरज निसर्गाला पडलेली नाही. 2022 मध्ये इथले काही हत्ती गुजरातला न्यायची टूम निघाली तेव्हा लोक का चिडले, हे मुंबईतल्या काहींना कळेना. अहो, कुणी आमच्या आगारातली बस उचलून न्यायला आलं असतं तरी आम्ही चिडलोच असतो. हत्ती तर नावानं हाक मारली की कान हलवतो.

परवा भाऊंना मी ताजी गोष्ट सांगितली. जुलै 2025 मध्ये हेडरीपासून कोनसरीपर्यंत 85 किलोमीटरचा नळ सुरू झाला. सुरजागडचं तेच खनिज दळून, पाण्यात कालवून, त्या नळातून थेट कारखान्यात. जेवढं नळातून जाईल तेवढे ट्रक रस्त्यावरून कमी. टायर नाही, गिअर नाही, वाटेत चहा नाही. भाऊंनी गाडी बाजूला घेतली, एका ट्रकला वाट दिली, धूळ खाली बसेपर्यंत काच वर ठेवली.

"डायवर?" त्यांनी विचारलं.

"ड्रायव्हरची गरजच नाही त्याला."

"मंग गुरुजी," काच खाली करत भाऊ म्हणाले, "एव्हरेज कोन देते?"