गाठ पोटातली आणि मनातली

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी करून सूनबाई घरी आली, ती थेट देवघरापुढे जाऊन बसली. बाळाचे सारे ठीक होते. पण रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत 'फायब्रॉइड, चार सेंटिमीटर' असे लिहिले होते. संध्याकाळपर्यंत शेजारच्या चारचौघींनी 'गाठ' या शब्दाचा अर्थ आपापल्या परीने लावला आणि प्रत्येकीचा अर्थ कॅन्सरपाशीच येऊन थांबला.

वास्तविक ही गर्भाशयाच्या स्नायूंची साधी गाठ. ती कर्करोगाची नसते. पुष्कळ जणींना असते आणि कळतही नाही. गरोदरपणी सोनोग्राफी होते म्हणून दिसते, इतकेच. कधी कधी तर दिसते तीही खरी गाठ नसते. गर्भाशयाचा एखादा भाग आकुंचन पावला, की पडद्यावर तसाच फुगवटा दिसतो. अर्ध्या तासाने पाहावे तर तो ओसरलेला असतो. फायब्रॉइडची गाठ मात्र जागची हलत नाही. म्हणूनच शिक्का मारण्याआधी थांबून पुन्हा पाहण्याची सवड तपासणाऱ्याने काढलीच पाहिजे.

रिपोर्टात नुसते नाव लिहूनही भागत नाही. गाठ केवढी, कुठे, वारेच्या मागे आहे की गर्भाशयाच्या मुखाजवळ, बाळाची वाट अडवते आहे का, हे लिहायला हवे. बाळंतपणाची आखणी त्यावर ठरते. मधल्या महिन्यांत गाठीच्या जागी एकाएकी दुखू लागले, तर अंगावर न काढता डॉक्टर गाठावा. बहुतेकदा विश्रांती आणि औषधांवर निभावते.

आपण विसरतो ती बाळंतपणानंतरची तपासणी. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, प्रसूतीनंतर तीन ते सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा सुमारे एक तृतीयांश स्त्रियांची गाठ दिसेनाशी झाली होती. उरलेल्यांपैकी बहुतेकींची लहान झाली होती. मग गरोदरपणीच्या कागदावरून पुढचा निर्णय का घ्यायचा?

हा प्रश्न पुस्तकी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे 2019 साली गाजले. पुढे कॅन्सर होईल अशी भीती घातली गेल्याचे त्यांतल्या अनेकींनी सांगितले. अर्धवट माहितीची किंमत बाईच्या शरीराने मोजायची, हे आपल्याकडे फार सोपे झाले आहे.

आमची नात आता वर्षाची होईल. सहाव्या महिन्यात सूनबाईची पुन्हा सोनोग्राफी केली. गाठ दोन सेंटिमीटरवर आली होती. मनातली मात्र सुटायला तेवढाच वेळ लागला. पहिल्याच दिवशी कुणी दहा मिनिटे बसून समजावले असते, तर ती बसलीच नसती.